नाव तेच राहू द्या, बायोडाटा बदला: बोईसर-तारापूरच्या नोकऱ्या आणि आपली मुलं

पालघर जिल्ह्यात सध्या जिथे जावं तिथे नोकऱ्यांची चर्चा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. त्यातून लाखो रोजगार मिळतील असं सरकार सांगतं, आणि आपला रोजगार जाईल म्हणून किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला विरोध करतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. तारापूर एमआयडीसीत औषधं, रसायनं, पोलाद आणि कापडाचे कारखाने आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून सरकारी कार्यालयंही इथेच आली.

म्हणजे काम आहे. मग मनोर, पालघर, बोईसर, चिंचणी-तारापूर भागातल्या आपल्या घरांमध्ये पदवी हातात घेऊन बसलेली मुलं का दिसतात? बी.एस्सी. झालेला मुलगा मोबाईलच्या दुकानात, बी.कॉम. झालेली मुलगी घरी. याची कारणं बरीच आहेत. त्यातली काही आपल्या हाताबाहेरची आहेत, काही आपल्या हातातली. दोन्हींबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

आधी हाताबाहेरचं बोलू

"सर, नावच बघतात, मग बायोडाटा चांगला करून काय उपयोग?" हा प्रश्न आम्हाला वर्गात आणि वर्गाबाहेर नेहमी विचारला जातो. मुलांना गप्प करण्यासाठी "असं काही नसतं" म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये आला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. सगळे खाजगी कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावात: काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याचं प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावासाठी १ धरलं, तर दलित नावासाठी ते ०.६७ निघालं आणि मुस्लिम नावासाठी ०.३३.

दुसरा अभ्यास २०२२ चा, लेडबाय फाउंडेशनचा, आणि तो मुलींबद्दल आहे. सुरुवातीच्या पातळीच्या १,००० नोकऱ्यांसाठी दोन सारखेच बायोडाटे पाठवले गेले. एकावर हिंदू मुलीचं नाव, दुसऱ्यावर मुस्लिम मुलीचं. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून सकारात्मक उत्तर आलं, मुस्लिम नावाला १०३.

हा फक्त आपल्याच देशातला रोग नाही. अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन या शहरांत असाच प्रयोग झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तिथे गोऱ्या लोकांच्या वाटणाऱ्या नावांना काळ्या लोकांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त फोन आले.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खाजगी कंपनीवर ते कलम थेट लागू होत नाही. म्हणून ही लढाई कायद्याची आहे, धोरणाची आहे, आणि ती बिरादरीने, संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लढायची आहे. २२ वर्षांच्या एका पोराच्या खांद्यावर ती टाकता येत नाही.

मग नाव बदलायचं का?

काही मुलं यावर स्वतःच उपाय काढतात. समीरचा 'सॅम' होतो. आडनाव गाळून फक्त आद्याक्षर राहतं. ही मुलं खोटारडी नाहीत, ती घाबरलेली आहेत. पण आमचं मत स्पष्ट आहे, हे करू नका.

पहिलं कारण व्यवहाराचं. नोकरी द्यायच्या वेळी कंपनी आधार, पॅन, मार्कशीट आणि बँकेचं पासबुक मागते. पीएफचं खातं उघडताना नाव आधारशी जुळावं लागतं. बायोडाट्यावर एक नाव आणि कागदांवर दुसरं असेल तर एचआरवाल्याला पहिली शंका येते ती कागद बनावट असल्याची. जिथे धर्म आड येणार नव्हता तिथेही मग संशय आड येतो.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ज्या ठिकाणी नाव लपवून आत जावं लागतं, तिथे पुढची दहा वर्षं नाव लपवूनच बसावं लागेल. तो बोजा नोकरीपेक्षा जड असतो.

मात्र नाव लपवणं वेगळं आणि नको ती माहिती न देणं वेगळं. बायोडाट्यावर धर्म, जात, लग्न झालं की नाही, वडिलांचा धंदा, रक्तगट, उंची, वजन, आधार नंबर हे काहीही लिहायची गरज नसते. फोटोही मागितला असेल तरच लावायचा. हिजाब घालणाऱ्या मुली "फोटो कसा लावू?" म्हणून अडून बसतात, त्यांना सांगा की जाहिरातीत मागितलेला नसेल तर लावूच नका. कामाशी ज्याचा संबंध नाही ते कागदावर नको, हा नियम सगळ्या धर्मांच्या उमेदवारांना सारखाच आहे.

बायोडाटा हा शब्दच घोटाळा करतो

आपल्याकडे लग्नासाठी देतात तोही बायोडाटा आणि नोकरीसाठी देतात तोही बायोडाटा. म्हणून दोन्ही कागद एकमेकांसारखे दिसू लागलेत. वर "बायोडाटा" हे मोठं शीर्षक, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, राष्ट्रीयत्व, छंद वाचन आणि क्रिकेट, आणि खाली "वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे" अशी प्रतिज्ञा.

स्टेशनजवळच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात एक नमुना साठवलेला असतो. नाव आणि टक्के बदलले की काम झालं. "आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे" हे वाक्य आम्ही इतक्या मुलांच्या कागदावर वाचलं आहे की आता ते पाठ झालंय. कंपनीत अर्ज बघणाऱ्या माणसालाही ते पाठच असणार. त्या वाक्यातून मुलगा कोण आहे, त्याला काय येतं, हे काहीच कळत नाही. अर्जांचा ढीग समोर असला की एका कागदाला जेमतेम काही सेकंद मिळतात. त्या वेळात नजर वरच्या अर्ध्या पानावर फिरते. तिथे धर्म आणि छंद असतील तर कामाचं वाचायचंच राहून जातं.

तर मग एका पानात काय असावं? वर नाव, गाव, मोबाईल आणि ईमेल. त्याखाली दोन ओळींत तुम्ही कोण आणि कोणतं काम शोधताय. मग येणारी कामं. मग अनुभव, पगारी असो वा बिनपगारी. मग शिक्षण, शेवटची पदवी आधी आणि दहावी शेवटी. मग भाषा आणि कोर्स. बस्स. नवीन पदवीधराला दुसरं पान लागत नाही.

"मला काहीच येत नाही" हे खरं नसतं

मुलं म्हणतात, अनुभव नाही तर लिहू काय? तीन उदाहरणं देतो. ही आम्ही समजावण्यासाठी बनवलेली आहेत, पण अशी मुलं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

बी.एस्सी. केमिस्ट्रीचा मुलगा. तो लिहितो, "रसायनशास्त्राचे उत्तम ज्ञान." त्याऐवजी लिहा: "टायट्रेशन, पीएच मीटर आणि कोलोरिमीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः वापरले. द्रावणं तयार करणं, लेबल लावणं आणि निरीक्षण त्याच वेळी नोंदवणं याची सवय." औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात ही शेवटची सवय फार मोलाची असते. तिथे केलेलं काम त्याच वेळी, खाडाखोड न करता नोंदवणं हा नियमच आहे. एचपीएलसी मशीन फक्त पाहिलं असेल तर "पाहिलं आहे" असंच लिहा, "येतं" लिहू नका. मुलाखत घेणारा दुसऱ्याच प्रश्नात पकडतो.

बी.कॉम.ची मुलगी. तिने दोन वर्षं मामूंच्या दुकानाचा हिशेब सांभाळला, पण कागदावर त्याचा पत्ताच नाही, कारण "ते तर घरचंच काम". लिहा: "कौटुंबिक किराणा दुकानाची महिन्याला सुमारे १५० बिलं टॅलीवर नोंदवली, जीएसटी रिटर्नसाठीचा तपशील कर सल्लागाराला तयार करून दिला." आकडा तुमचा स्वतःचा आणि खरा टाका. कारखान्याच्या स्टोअरला किंवा अकाउंट्सला नेमकं हेच काम करणारं माणूस हवं असतं.

बी.ए.चा मुलगा. त्याने वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, रमजानमध्ये राशन वाटपाची यादी केली, रक्तदान शिबिरात नोंदणीचं टेबल सांभाळलं. हे अनुभवच आहेत. "२०० कुटुंबांची यादी एक्सेलमध्ये तयार करून वाटपाची नोंद ठेवली" असं लिहिता येतं. ज्या संस्थेबरोबर काम केलं तिचं नाव उर्दू असेल तर असू द्या. ऑफिस असिस्टंट, डिस्पॅच किंवा टाइमकीपरच्या जागेसाठी अशी माणसं लागतात.

एक मुद्दा खास आपल्या घरांचा. काही मुलांनी कुराणच्या हिफ्जसाठी शाळेतून एक-दोन वर्षं काढलेली असतात. मग दहावीचं साल मागे पडतं आणि मुलाखतीत "हा गॅप कसला?" असा प्रश्न आला की मुलगा अडखळतो. यात लाजण्यासारखं काय आहे? बायोडाट्यावर त्याचा खुलासा करायची गरज नाही, पास झाल्याची सालं पुरेशी आहेत. विचारलं तर सरळ सांगा, पाठांतराचं धार्मिक शिक्षण पूर्ण केलं आणि मग शाळा पुढे चालू ठेवली. शांतपणे दिलेलं खरं उत्तर समोरचा ऐकून घेतो. अडखळलात तर त्याला वाटतं काहीतरी दडवताय.

भाषा हे आपलं भांडवल

उर्दू माध्यमातून आलेली मुलं भाषेच्या रकान्याशी येऊन खचतात. खरं तर उलटं व्हायला हवं. तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेले कामगार आहेत, त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागतं. सरकारी कार्यालयांशी व्यवहार मराठीत. मशीनची पुस्तिका आणि सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत. ज्याला उर्दू, हिंदी, मराठी बोलता येतं आणि कामापुरतं इंग्रजी वाचता येतं, तो सुपरवायझरच्या उपयोगाचा माणूस आहे. या भागात वायुगळती आणि स्फोटाच्या बातम्या काही नव्या नाहीत. जिथे धोक्याची सूचना कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा कुणी असतो, तिथे जीव वाचतात.

म्हणून नुसतं "भाषा: उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी" लिहू नका. कोणती बोलता, कोणती वाचता, कोणत्या भाषेत अर्ज किंवा रिपोर्ट लिहू शकता, ते वेगवेगळं लिहा. मराठी लिहिताना अडत असेल तर त्यावर सहा महिने मेहनत घ्या. या जिल्ह्यात राहून मराठी कच्ची ठेवणं परवडणारं नाही.

स्थानिक आहात, ते दिसू द्या

राज्य सरकारचं जुनं धोरण आहे की उद्योगांनी पर्यवेक्षक दर्जाच्या जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर किमान ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य असलेला. हे सगळीकडे पाळलं जातं असं कुणीच म्हणणार नाही. पण ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी अधिवास दाखला तयार हवा. बायोडाट्यावर गावाचं नाव वरच लिहा. "बोईसरला राहतो, शिफ्टमध्ये काम करायला तयार" ही एक ओळ कंपनीच्या दृष्टीने फार कामाची असते, कारण रात्रपाळीचा माणूस पहाटे घरी कसा जाणार ही चिंता तिलाही असते. मुलींनी घरच्यांशी आधी बोलून किती वाजेपर्यंत आणि कुठपर्यंत जाता येईल ते ठरवावं. मुलाखत झाल्यावर "अब्बा नाही म्हणाले" असं कळवलं तर पुढच्या मुलीचीही वाट बंद होते. पालकांनी हे लक्षात घ्यावं.

पहिली ओळ कुठून मिळवायची?

अनुभवाचा रकाना रिकामा असेल तर तो भरायच्या वाटा आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या कारखान्यांना अप्रेंटिस घ्यावे लागतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांसाठी महिन्याला बारावी पास असल्यास ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमा असल्यास ८ हजार आणि पदवीधर असल्यास १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी सुरू झाली, २१ ते २४ वयाच्या मुलांसाठी. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा. "यातून पक्की नोकरी मिळत नाही" ही तक्रार खरी आहे. पण सहा महिने कुठल्यातरी ऑफिसात किंवा प्लांटमध्ये काढलेला मुलगा आणि सहा महिने घरी बसलेला मुलगा, यांचे कागद एकसारखे राहत नाहीत.

अणुऊर्जा केंद्राची गोष्ट वेगळी. तिथली भरती जाहिरात आणि परीक्षेतून होते, बायोडाटा देऊन होत नाही. "आत ओळख आहे, इतके पैसे द्या" म्हणणारा कुणीही भेटला तर समजा फसवणूक आहे. खाजगी कंपनीसाठीही तेच. नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचे पैसे, मेडिकलचे पैसे आगाऊ मागितले तर एक रुपयाही देऊ नका. अशा दलालांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार-पॅनचे फोटो पाठवणंही तितकंच धोक्याचं आहे.

नावाचं स्पेलिंग आजच बघा

आपल्या घरांत सर्वात जास्त काम अडतं ते इथे. दहावीच्या मार्कशीटवर "मोहम्मद" पूर्ण, आधारवर फक्त "मोहद", पॅनवर "एमडी". शेखचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनावच नाही. मुलगा निवडला जातो आणि कागद तपासणीत महिनाभर लटकतो. तोवर जागा भरते.

उपाय कंटाळवाणा आहे पण सोपा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव पाया धरा. आधार, पॅन आणि बँक त्याप्रमाणे करून घ्या. प्रमाणपत्रावरच चूक असेल तर शाळेतून बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. बायोडाट्यावरही तेच स्पेलिंग. गमतीशीर नावाचा जुना ईमेल सोडून स्वतःच्या नावाचा नवा उघडा. फोन नंबर असा द्या जो तुम्ही स्वतः उचलाल. फाईल पीडीएफमध्ये पाठवा आणि फाईलला "न्यू फायनल टू" असलं नाव न देता स्वतःचं नाव द्या.

बिरादरीने काय करावं?

२००६ च्या सच्चर समितीने दाखवून दिलं होतं की २० वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर किंवा डिप्लोमाधारक ४ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर आपली मुलं, आणि विशेषतः मुली, कॉलेजात दिसू लागल्या आहेत. आईबापाने पोटाला चिमटा घेऊन तालीम दिली. ती तालीम एका वाईट कागदामुळे वाया जाऊ नये, एवढं तरी आपण करू शकतो.

यासाठी मोठी संस्था किंवा निधी लागत नाही. प्रत्येक गावात एमआयडीसीत नोकरी करणारे, बँकेत असणारे, शिक्षक असे दहा-बारा लोक असतात. त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन तास शाळेत किंवा समाजाच्या हॉलमध्ये बसावं. मुलामुलींनी आपला कागद घेऊन यावं. एकाने वाचावं, एकाने खोटी मुलाखत घ्यावी, एकाने आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून नावं जुळवून बघावीत. ज्यांच्या कारखान्यात जागा निघते त्यांनी ती खबर पोहोचवावी. बोईसरमध्ये बऱ्याच जागा जाहिरातीविना, ओळखीतूनच भरल्या जातात. ओळख नसणं हाही भेदभावाइतकाच मोठा अडथळा आहे, आणि तो आपल्याला आपसात दूर करता येतो.

आणि ज्याला नाव पाहून नाकारलं गेलं असा संशय आहे त्याने तारीख, कंपनी, जागा आणि मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवावं. एकाचा संशय हवेत विरतो. पन्नास जणांच्या नोंदी एकत्र आल्या तर लोकप्रतिनिधींपुढे आणि अल्पसंख्याक आयोगापुढे ठेवता येतात. बायोडाट्याचा कागद सुधारला म्हणून ही वही ठेवायची थांबवू नका. दोन्ही कामं एकाच वेळी करायची आहेत.

परीक्षा संपायची वाट न बघता या आठवड्यात घरातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला एक कोरा कागद द्या आणि सांगा, तुला काय-काय करता येतं ते साध्या भाषेत लिही. शेजारी बसा. दुकानाचा हिशेब, शिकवण्या, राशनची यादी, जे त्यांना आठवणार नाही ते तुम्ही आठवून द्या.